तीनशे बारा पानं आणि पावणेदोन सेकंद

पीएचडीला रुजू होऊन आठवडा झाला असेल नसेल, तोच गाइडनी मला एक पीडीएफ पाठवली. सोबत एकच ओळ होती: "हे वाचून काढ, मग बोलू." फाइल उघडली आणि पानांचा आकडा बघूनच धसका घेतला. तीनशे बारा. क्लिफ्टन, फरेरा, पॅडिया आणि स्कॉर्डिस या चौघांचा 'मॉडिफाइड ग्रॅव्हिटी अँड कॉस्मॉलॉजी' हा रिव्ह्यू. २०११ मध्ये आर्काइव्हवर आला, २०१२ मध्ये 'फिजिक्स रिपोर्ट्स'मध्ये छापला गेला. या विषयात शिरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात तो कधी ना कधी पडतोच. तुम्ही नेट-गेटच्या नाहीतर एखाद्या संस्थेच्या मुलाखतीच्या तयारीत असाल आणि "मला मॉडिफाइड ग्रॅव्हिटीत काम करायचंय" असं म्हणत असाल, तर तुमच्याही हातात पडेल.

म्हणून आज या रिव्ह्यूबद्दल लिहितोय. सारांश देत नाही, तो त्याच्या पहिल्या पानावर आहे. तो आज कसा वाचावा, त्यात काय टिकलं, काय उडालं, आणि तो वाचून मी स्वतः कुठे फसलो, हे सांगायचंय.

आधी चांगलं

या रिव्ह्यूची सर्वांत मोठी देणगी म्हणजे त्याची मांडणी. गुरुत्वाकर्षणाचे पर्यायी सिद्धांत शेकड्यांनी आहेत. ते वर्षानुसार लावले तर इतिहास होतो, आडनावानुसार लावले तर टेलिफोन डिरेक्टरी. या चौघांनी ते लावले एका प्रमेयाच्या आधारावर. डेव्हिड लव्हलॉकने १९७१-७२ मध्ये सिद्ध केलेलं हे प्रमेय साध्या भाषेत असं: चार मिती असतील, गुरुत्वाकर्षण फक्त मेट्रिकने व्यक्त होत असेल, समीकरणं स्थानिक असतील, त्यांत दुसऱ्या डेरिव्हेटिव्हच्या पुढे काही नसेल आणि ऊर्जा-संवेगाची अक्षय्यता आपोआप पाळली जात असेल, तर तुमच्याकडे एकच पर्याय उरतो. आइन्स्टाइनची समीकरणं, आणि सोबत हवा तर लॅम्डा, म्हणजे विश्वस्थिरांक.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. व्यापक सापेक्षतेत, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या जीआरमध्ये, 'थोडासा बदल' करता येत नाही. बदल करायचा तर वरच्या यादीतली एखादी अट मोडावीच लागते. आणि मग रिव्ह्यूची प्रकरणं त्याच क्रमाने येतात: जास्तीची क्षेत्रं आणणारे सिद्धांत (तिसरं प्रकरण), वरच्या डेरिव्हेटिव्हचे आणि अस्थानिक सिद्धांत (चौथं), जास्तीच्या मिती मानणारे (पाचवं). कुठलाही नवा पेपर हातात आला की मी आजही पहिला प्रश्न हाच विचारतो: यांनी कुठली अट मोडली? ही सवय मला या रिव्ह्यूने लावली. दुसरं काहीच घेतलं नाही तरी एवढं घ्या.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे दुसरं प्रकरण. पर्यायांकडे वळण्याआधी जीआर नेमकं कशावर उभं आहे, सूर्यमालेत आणि द्वैती पल्सारमध्ये ते किती काटेकोरपणे तपासलं गेलंय, हे तिथे शांतपणे सांगितलंय. कॅसिनी यानाच्या रेडिओ संदेशांवरून २००३ मध्ये जाहीर झालेलं मोजमाप सांगतं की सूर्याजवळ अवकाशाची वक्रता जीआरच्या भाकिताशी एक लाखात दोन-तीन भाग इतक्या बारकाईने जुळते. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे. आमच्यातले बहुतेक जण हे प्रकरण 'येतंय की' म्हणून सोडून देतात आणि थेट एफ(आर)वर उडी मारतात. मीही मारली.

आता माझी फजिती

एफ(आर) म्हणजे काय, तर आइन्स्टाइनच्या क्रियेत वक्रतेचा आर असतो, त्याच्या जागी आरचं एखादं फल टाकायचं. १९९८ मध्ये सुपरनोव्हांवरून कळलं की विश्वाचं प्रसरण वेग घेतंय. मग विचार सुचणं स्वाभाविक होतं: डार्क एनर्जी नावाचा अज्ञात पदार्थ मानण्यापेक्षा गुरुत्वाकर्षणच मोठ्या अंतरावर वेगळं वागत असेल तर? २००३ मध्ये कॅरल, डुव्वुरी, ट्रॉडन आणि टर्नर यांनी आरमध्ये एक-भागिले-आर असं पद जोडून बघितलं. वक्रता जिथे कमी, म्हणजे आजच्या विरळ विश्वात, तिथे हे पद वरचढ होतं आणि प्रसरण वेग घेतं. कल्पना फारच देखणी. पण त्याच वर्षी डॉल्गोव्ह आणि कावासाकी यांनी दाखवलं की अशा सिद्धांतात साध्या पदार्थाच्या आत वक्रता क्षणात अस्थिर होते, आणि चिबाने दाखवलं की सूर्यमालेच्या चाचणीतही तो नापास होतो.

यातून वाट काढणारी मॉडेल्स २००७ मध्ये आली: हू आणि साविकी यांचं एक, स्टारोबिन्स्कीचं एक. त्यांत 'कॅमेलियन' यंत्रणा असते, म्हणजे सरडा. जिथे घनता जास्त तिथे जास्तीचं अदिश क्षेत्र जड होतं आणि त्याचा पल्ला आखूड होतो. सूर्यमालेत ते दडून बसतं. विरळ जागी ते हलकं होतं आणि गुरुत्वाकर्षण जास्तीत जास्त चार-तृतीयांश पट होऊ शकतं.

माझा पहिला प्रकल्प अशाच एका मॉडेलवर होता. फलात एक मोकळा पॅरामीटर होता. तो शून्य केला की लॅम्डा-सीडीएम परत. सात महिने कोड चालवला. विभागाच्या क्लस्टरवर रात्री-अपरात्री चेन्स बघत बसायचो. शेवटी आलेख आला: पॅरामीटर शून्याला चिकटलेला, वर एक मर्यादा. काय-स्क्वेअर लॅम्डा-सीडीएमएवढाच. मी खूश, पेपर होणार! गाइडनी आलेख पाहिला आणि विचारलं, "बरं. पण तुझ्या फलाचा वक्रता मोठी असतानाचा विस्तार करून बघितलास का?"

केला. पहिलं पद निघालं एक स्थिरांक. उणे दोन लॅम्डा. त्यानंतर बारीक-बारीक दुरुस्त्या. म्हणजे ज्याला हाकलायला मी घरातून निघालो होतो तोच अंगरखा बदलून दारात उभा. या मॉडेलमध्ये वेग वाढवण्याचं काम मुख्यतः तो लपलेला लॅम्डाच करत होता. 'मॉडिफाइड' भाग फक्त किरकोळ फरक पाडत होता.

ही फक्त माझ्या मॉडेलची गोष्ट नव्हती. २०१२ मध्ये वांग, हुई आणि खूरी यांनी कॅमेलियन आणि त्याच्या भावंडांसाठी हे सर्वसाधारणपणे दाखवलं: आपली आकाशगंगा त्या क्षेत्रापासून झाकली जायची असेल, तर आजच्या विश्वात त्या क्षेत्राचा पल्ला जेमतेम मेगापार्सेकच्या घरात असू शकतो. विश्वाचा व्याप हजारो मेगापार्सेकचा. एवढ्या आखूड हाताने सगळ्या विश्वाच्या प्रसरणाला रेटा देता येत नाही. रिव्ह्यू २०११ चा, त्यामुळे त्यात हे नसणं हा त्याचा दोष नाही. दोष माझा: मी तीनशे पानांतली समीकरणं उतरवून घेतली आणि नंतरच्या वर्षांत काय झालं ते पाहिलंच नाही.

खरी तक्रार

पण एक तक्रार मात्र रिव्ह्यूबद्दलच आहे. तो सूचिपत्रासारखा लिहिलाय. प्रत्येक सिद्धांताला एकसारखी वागणूक: क्रिया, क्षेत्रसमीकरणं, एकसमान विश्वातली उत्तरं, मग क्षोभ, मग निरीक्षणांच्या मर्यादा. संदर्भ शोधणाऱ्याला हे सोयीचं. पण नवख्या विद्यार्थ्याला यातून वाटतं की सगळे सिद्धांत एकाच रांगेत उभे आहेत आणि आपण फक्त एक निवडायचा. दुकानात गेल्यासारखं. कुठला सिद्धांत आपल्याच भाराने कोसळलाय, कुठला केवळ मोकळ्या खुंट्या फिरवून तग धरतोय, आणि कुठल्यात काही तरी जीव आहे, हे वजन वाचणाऱ्याने स्वतः करायचं. आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला नेमकं तेच जमत नसतं.

डीजीपीचं उदाहरण घ्या. द्वाली, गाबादाद्झे आणि पोराती यांनी २००० मध्ये सुचवलेल्या या सिद्धांतात आपलं चार मितींचं विश्व पाच मितींच्या अवकाशात पडद्यासारखं तरंगतं. खूप मोठ्या अंतरावर गुरुत्वाकर्षण पाचव्या मितीत गळायला लागतं. त्याची एक शाखा लॅम्डाशिवाय स्वतःहून प्रसरणाला वेग देते, हे डेफाएने दाखवलं. अंगरखा बदललेला लॅम्डा इथे नाही, खरोखर वेगळी यंत्रणा आहे. पण त्याच शाखेत 'घोस्ट' निघालं, म्हणजे ज्याची गतिज ऊर्जा उणे आहे असं क्षेत्र. असं क्षेत्र असलं की निर्वात अवकाशच अस्थिर होतं. भीक नको पण कुत्रं आवर अशी अवस्था. वर निरीक्षणांशीही ही शाखा नीट जुळली नाही. अशा सिद्धांताचं स्थान आज शाळेसारखं आहे: व्हाइनश्टाइन स्क्रीनिंग कसं चालतं ते इथे शिकावं, पण इथे घर बांधू नये. हा फरक सूचिपत्रात ठळकपणे दिसत नाही.

स्क्रीनिंगचंही तसंच. सूर्यमालेतून सुटायचे मार्ग थोडेच आहेत, पण रिव्ह्यूत ते ज्या त्या सिद्धांताच्या पोटात विखुरलेत. माझ्या मते हाच विषयाचा कणा आहे. कॅसिनीचा तो आकडा आठवा: जो सिद्धांत विश्वाच्या पातळीवर तीस टक्के फरक पाडतो, त्याला सूर्याजवळ एक लाखात दोन-तीन भागांच्या आत लपावंच लागतं. लपायची सोय नाही तर सिद्धांत नाही. जॉइस, जैन, खूरी आणि ट्रॉडन यांचा २०१५ चा रिव्ह्यू नेमका या कण्याभोवती रचलाय. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, पहिल्यातली पानं दुसऱ्यामुळे उलगडतात.

पावणेदोन सेकंद

आता शीर्षकाकडे. १७ ऑगस्ट २०१७. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाले, त्याच्या गुरुत्वीय लहरी लायगो आणि व्हर्गोने टिपल्या, आणि १.७४ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला त्याच दिशेने गॅमा किरणांची चमक दिसली. स्रोत एनजीसी ४९९३ दीर्घिकेत, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर.

पेन घ्या आणि माझ्यासोबत भागाकार करा. वर्षाचे सेकंद साधारण ३.१५ कोटी. १३ कोटी वर्षांचे झाले सुमारे ४ वर पंधरा शून्यं इतके सेकंद. एवढ्या प्रवासात फरक १.७४ सेकंदांचा. म्हणजे गुरुत्वीय लहरींचा वेग आणि प्रकाशाचा वेग यांत फरक असलाच तर तो दहाच्या उणे पंधराव्या घाताच्या आसपास किंवा त्याहून कमी. (अंतराचा सावध, लहान अंदाज धरून आणि चमक लहरींनंतर दहा सेकंदांपर्यंत उशिरा निघाली असेल अशी मुभा देऊन प्रत्यक्ष पेपरमध्ये मर्यादा दिली आहे ती उणे ३ गुणिले दहाचा उणे पंधरावा घात ते अधिक ७ गुणिले दहाचा उणे सोळावा घात.)

जास्तीचं अदिश क्षेत्र गुरुत्वाकर्षणात गुंतागुंतीच्या पद्धतीने मिसळणारे कित्येक सिद्धांत लहरींचा वेग बदलतात, आणि प्रसरणाला वेग देण्याइतका परिणाम हवा तर हा बदल चांगला मोठा निघतो. ते सिद्धांत एका दिवसात अडचणीत आले. जाहीर घोषणा १६ ऑक्टोबरला झाली, आणि त्याच आठवड्यात चार गटांचे पेपर आर्काइव्हवर आले. डिसेंबरमध्ये ते 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'च्या एकाच अंकात एकापाठोपाठ छापले गेले. त्यांतल्या एका पेपरच्या लेखकांत फरेरा आहेत, म्हणजे आपल्या रिव्ह्यूच्या चौघांपैकी एक. आणि ज्या सिद्धांतांवर कुऱ्हाड पडली त्यांत 'फॅब फोर' नावाच्या रचनेचे महत्त्वाचे भाग होते. तिच्या लेखकांत पॅडिया आहेत, म्हणजे चौघांपैकी दुसरे! टेव्हेस हा मॉन्डचा बेकेन्स्टाइनने २००४ मध्ये दिलेला सापेक्षतावादी अवतारही मूळ रूपात उरला नाही. तर २०२१ मध्ये झ्लोश्निकसोबत असा नवा सिद्धांत मांडणारे, ज्यात लहरींचा वेग प्रकाशाएवढाच राहतो आणि विश्वाच्या पार्श्वप्रारणाशीही मेळ बसतो, ते स्कॉर्डिस, चौघांतले तिसरे.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. ज्यांनी यादी केली त्यांनीच ती छाटली आणि त्यांनीच तिच्यात भर घातली. रिव्ह्यू वाचताना आपल्याला तो धर्मग्रंथ वाटतो; लिहिणाऱ्यांना तो वहीसारखा होता.

इथे एक सावधगिरी, कारण "२०१७ मध्ये सगळं मेलं" असं म्हणायचीही फॅशन आहे. २०१८ मध्ये द राम आणि मेलव्हिल यांनी दाखवून दिलं की या सिद्धांतांची स्वतःची वैधतेची सीमा काहीशे हर्ट्झच्या आसपास येते, आणि लायगोने टिपलेल्या लहरींच्या वारंवारता तिच्या अगदी जवळ आहेत. सीमेजवळ सिद्धांत काय म्हणतो यावर भरवसा किती ठेवायचा? वेग वारंवारतेनुसार बदलत असेल तर कमी वारंवारतेवर तो वेगळा असू शकतो. लिसा ही अवकाशातली वेधशाळा २०३० च्या दशकाच्या मध्यावर जाईल तेव्हा मिलिहर्ट्झच्या पट्ट्यात हे तपासता येईल. म्हणजे निकाल लागलाय, पण अपील शिल्लक आहे. आणि अशा घटना आणखी पकडायच्या तर आकाशात जागा नेमकी सांगणारे शोधक हवेत. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला होऊ घातलेल्या लायगो-इंडियाचं महत्त्व त्यातही आहे.

हॉलची युक्ती

आता थोडं मागे जाऊ. प्रत्येक सेमिनारची सुरुवात एकाच गोष्टीने होते: युरेनसची कक्षा चुकली, तर नेपच्यून सापडला (१८४६, म्हणजे 'डार्क मॅटर'), बुधाची चुकली, तर जीआर आलं (१९१५, म्हणजे 'मॉडिफाइड ग्रॅव्हिटी'). गोष्ट खरी, पण अर्धी. मधलं एक पात्र सगळे विसरतात: असाफ हॉल, मंगळाचे चंद्र शोधणारा. १८९४ मध्ये त्याने सुचवलं की न्यूटनच्या व्यस्त वर्गाच्या नियमात घात नेमका २ नसून २.०००००१६ च्याही दहापट जवळ, म्हणजे २.००००००१६ असेल, तर बुधाचा प्रश्न सुटतो.

तपासा. घातात डेल्टाची भर असेल तर दर फेरीला कक्षा १८० अंश गुणिले डेल्टा इतकी सरकते. १८० अंश म्हणजे ६,४८,००० विकला, त्याला ०.००००००१६ ने गुणलं की दर फेरीला सुमारे ०.१०४ विकला. बुध शतकात ४१५ फेऱ्या मारतो. गुणाकार: ४३ विकला. अगदी बरोबर उत्तर!

पण हाच नियम चंद्राला लावा. चंद्र शतकात सुमारे १,३३७ फेऱ्या मारतो, म्हणून त्याची कक्षा शतकाला १४० विकलांच्या आसपास जास्त सरकायला हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्राउनच्या चांद्रगणिताने या जास्तीच्या सरकण्याला जागा ठेवली नाही. हॉलची युक्ती संपली.

हॉल मूर्ख नव्हता. त्याने एक विसंगती घेतली, एक खुंटी बसवली, ती फिरवून आकडा जुळवला. आज आपण काय वेगळं करतो? माझ्या पहिल्या प्रकल्पात आणि हॉलच्या पेपरमध्ये फरक एवढाच की त्याने हाताने गणित केलं. उलट आइन्स्टाइनकडे बघा. बुध त्याच्याही मनात होता. १९१३ मध्ये बेस्सोसोबत त्याने आपल्या तेव्हाच्या अपुऱ्या सिद्धांतातून आकडा काढला तर १८ विकला आले. फिरवायला खुंटीच नव्हती, म्हणून आकडा मुकाट्याने चुकीचा राहिला. १९१५ मध्ये सिद्धांत बरोबर झाला तेव्हा ४३ आपोआप निघाले.

म्हणून रिव्ह्यूतल्या प्रत्येक सिद्धांताला माझा प्रश्न असतो: हा हॉल की आइन्स्टाइन? दुसऱ्या गटात बसणारं निदान एक उदाहरण याच कुळात आहे. स्टारोबिन्स्कीने १९८० मध्ये आरसोबत आर-वर्गाचं पद घेतलं, तेव्हा कारण होतं क्वांटम दुरुस्त्यांचं. त्यातून आरंभीच्या विश्वाचा अतिवेगवान विस्तार निघतो. त्यातली एकमेव खुंटी पार्श्वप्रारणातल्या चढउतारांच्या आकाराने पक्की होते, आणि मग उरलेले आकडे गणितातून बाहेर पडतात: साठ ई-फोल्ड धरले तर वर्णपटाचा निर्देशांक सुमारे ०.९६७. प्लँकने २०१८ मध्ये दिलेला आकडा ०.९६४९, अधिक-उणे ०.००४२. तीन दशकांहून जास्त आधी बांधलेल्या सिद्धांताची ही कमाई आहे. मॉडिफाइड ग्रॅव्हिटी म्हणजे नुसता खुंट्यांचा खेळ असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे.

मराठी वाचकाला इथे नारळीकर आठवणारच. हॉइल आणि नारळीकर यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतात वस्तूचं वस्तुमान बाकीच्या विश्वाशी असलेल्या नात्यातून येतं. मूळ विचार असा खोल. आणि जुन्या स्थिर-स्थिती विश्वाचं मोठेपण असं की ते चुकीचं ठरू शकत होतं, आणि ठरलं. १९९३ नंतरच्या, बर्बिज यांच्यासोबतच्या अर्ध-स्थिर-स्थिती मॉडेलबद्दल मात्र मला तसं म्हणता येत नाही. पार्श्वप्रारण समजावायला त्यात धातूच्या सूक्ष्म तंतूंची धूळ आणावी लागली, आणि त्या प्रारणातल्या शिखरांची रांग लॅम्डा-सीडीएममध्ये जितकी सहज येते तितकी तिथे येत नाही. आदर ठेवून हे म्हणता येतं. ज्यांनी आयुष्यभर रूढ मताला प्रश्न विचारले, त्यांना प्रश्न विचारणं हाच त्यांचा मान.

मग या विषयात यावं की नाही?

हा प्रश्न आत्ता जास्त महत्त्वाचा झालाय. मार्च २०२५ मध्ये डेसीच्या दुसऱ्या टप्प्याचे निकाल आले. डार्क एनर्जी काळानुसार बदलतेय असं मानणारं वर्णन लॅम्डापेक्षा सरस ठरतंय. कुठला सुपरनोव्हा-संच जोडता त्यानुसार २.८ ते ४.२ सिग्मा. शिवाय ते वर्णन सांगतं की पूर्वी कधीतरी डार्क एनर्जीचा अवस्था-अंक उणे एकच्या खाली होता. एकटं साधं अदिश क्षेत्र ही रेषा ओलांडू शकत नाही. वक्रतेशी जोडलेलं क्षेत्र ओलांडू शकतं. म्हणजे दार किलकिलं झालंय. आणि त्या फटीतून आता पेपरांचा लोंढा आत येतोय, त्यातले किती हॉलचे असतील ते तुम्हीच ठरवा.

माझी सूचना एवढीच. एका निरीक्षणाला जुळणारं मॉडेल बांधू नका. ते मॉडेल दुसरीकडे काय मोडतं ते आधी बघा. उदाहरणार्थ, दुर्बल लेन्सिंगच्या काही सर्वेक्षणांत विश्वातली गुठळी अपेक्षेपेक्षा कमी दिसल्यावर "एफ(आर)ने सोडवू" असं कितीतरी जण म्हणाले. पण एफ(आर) गुरुत्वाकर्षण वाढवतं, गुठळ्या जास्त करतं. औषध उलट्या दिशेचं! हे कळायला कोड लागत नाही, ते चार-तृतीयांश आठवावं लागतं.

रिव्ह्यू वाचायचा क्रम मी आता असा सांगतो. दुसरं प्रकरण पूर्ण, हाताने गणित करत. मग तिसऱ्यातला अदिश-प्रदिश सिद्धांतांचा भाग आणि चौथ्यातलं एफ(आर). मग थेट सहावं प्रकरण, जिथे सिद्धांतांची नावं बाजूला ठेवून विचारलंय की पदार्थाला जाणवणारं गुरुत्व आणि प्रकाशाला जाणवणारं गुरुत्व जीआरपेक्षा किती वेगळं असू शकतं. त्यातली मोजमापं जुनी झालीत, कारण प्लँकचे पहिलेच निकाल २०१३ चे; पण भाषा तीच वापरली जाते, डेसीही तीच वापरतं, आणि आजवरचं उत्तर जीआरशी सुसंगत आहे. बाकीची पानं लागतील तेव्हा उघडा.

माझा तो पेपर शेवटी झाला, पण वेगळ्या रूपात. 'नवं मॉडेल' हा शब्द शीर्षकातून काढला आणि तो विस्तार, ज्यातून उणे दोन लॅम्डा निघाला, पहिल्या विभागात ठेवला. एका रेफरीने लिहिलं की हे तर सर्वांना माहीत आहे. असेल. मला सात महिने माहीत नव्हतं. तुमच्याकडे पहिल्या दिवशी तो विस्तार करायला अर्धा तास आहे.